विमानाच्या पोटाचा रंग

स्वयंपाकघराची भिंत निळी दिसते, एवढंच बायको म्हणाली आणि त्या घरात आठवडाभर अबोला झाला. ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने स्वतः डबे कालवून भिंत रंगवली होती आणि त्याच्या मते ती दुधासारखी पांढरी होती. "अहो, दवाखान्यात उभं राहून भाजी चिरल्यासारखं वाटतं मला," ती म्हणाली. "तुझे डोळे तपासून घे," त्याने सुनावलं आणि विषय संपवला. जन्मभर रंगात हात बुडवलेल्या माणसाशी रंगावरून कोण हुज्जत घालणार? ती गप्प बसली. गप्प बसायची तिला चांगली सवय होती, इतक्या वर्षांच्या संसारात ती लागतेच.

तो पेंटर. दुकानांच्या पाट्यांपासून सुरुवात केली आणि पुढे विमानांच्या संग्रहालयात चिकटला. तिथे युद्धात लढलेली जुनी विमानं होती. ती लढत असताना जशी दिसायची तशीच पुन्हा दिसली पाहिजेत, हे त्याचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा म्हणजे कळेल! युद्ध संपल्यावर ज्याच्या ज्याच्या ताब्यात विमान गेलं, त्याने आपल्या हौसेचा थर वर चढवलेला असतो. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकेक थर उतरवत जायचं. हात जरा जड पडला की खालचा पुरावाच पुसला जातो. फोटो असतात, पण काळे-पांढरे. त्यांत लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच काळे. बरं, खाली मूळ रंग सापडलाच, तर तोही म्हातारा झालेला, पिवळट पडलेला. म्हणून तो दिसतो तसा कालवायचा नाही, त्यातलं वय वजा करायचं. "ही वजाबाकी यंत्राला जमत नाही, तिला नजर लागते," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. संग्रहालयातली पोरं त्याच्या माघारी त्याला 'नजर' म्हणायची. त्याला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

तशी विमानं त्याने बरीच रंगवली, पण जीव अडकला तो एका छोट्या लढाऊ विमानात. त्या तुकडीची बाकीची सगळी भंगारात वितळून गेली होती, हे एकच उरलेलं. वरून हिरवे आणि तपकिरी पट्टे, जमिनीत मिसळून जाणारे. पोट मात्र आभाळाच्या रंगाचं, खालच्या तोफवाल्याला दिसूच नये म्हणून. त्या पोटाच्या रंगावर आत बसलेल्या पोराचा जीव अवलंबून असायचा. पेंटर त्या पोटाखाली पाठीवर झोपून महिनोन् महिने खपला. एका झाकणामागे तळहाताएवढा जुना रंग शिल्लक होता. त्याच्यावरून त्याने वजाबाकी केली, डबे कालवले, फवारा मारला. तो जुना तुकडा तसाच राखून ठेवला. उद्या कुणाला शंका आली तर दाखवता यावा म्हणून असा तुकडा राखायचा, हा त्या कामातला शिरस्ता.

काम संपल्यावर संग्रहालयाच्या मॅडमनी एका म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं. युद्धात ह्याच विमानाची देखभाल करणारा तो एकटाच हयात होता. नातवाचा हात धरून आला. विमानाजवळ आल्यावर हात सोडला आणि पंखावरून, पोटावरून कितीतरी वेळ पंजा फिरवत राहिला. मग म्हणाला, "हाच रे बाबा. हाच तो रंग." त्याला रडू फुटलं. पेंटरही रडला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी, ज्याला खरंच माहीत होतं अशा कुणीतरी, त्याला शाबासकी दिली होती.

जाता जाता म्हाताऱ्याचा हात झाकणामागच्या तुकड्यावर अडकला. "हे काय खडबडीत ठेवलंय? आमच्या विमानावर असा डाग कधी नव्हता." पेंटर ओशाळला. एरवी त्याने तो शिरस्ता मोडला नसता, पण त्या दिवशी त्याच्यात हवा भरली होती. खुद्द साक्षीदाराने हो म्हटल्यावर पुराव्याला काय चाटायचंय? त्याच दुपारी त्याने तो तुकडा पत्र्यापर्यंत घासून काढला आणि वरून आपला रंग मारला. पुढे लवकरच तो म्हातारा वारला.

आता पेंटरच्या डोळ्यांची पाळी आली. पायऱ्या चुकायला लागल्या, तेव्हा बायकोने ओढत डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही बरीच वर्षं पिकत आलेला. आधी उजवा करू, मग डावा, असं ठरलं. उजव्याची पट्टी निघाली, तो घरी आला आणि स्वयंपाकघराच्या दारात थबकला.

"अगं, ही भिंत निळी कुणी रंगवली?"

"तुम्ही," ती म्हणाली आणि चहा गाळत राहिली.

तो आधी हसला. मग हसू तोंडातच राहिलं. चहा तसाच टाकून तो संग्रहालयाकडे निघाला. नुकतं ऑपरेशन झालंय, ऊन लागेल, ती मागून ओरडत होती.

विमान पटांगणात होतं तिथेच होतं. त्याने खाली वाकून पोटाकडे पाहिलं. निळं! खेळण्यातल्या विमानासारखं निळंशार. हे आभाळात गेलं असतं तर कोसभरावरून दिसलं असतं आणि पहिल्याच तोफेने पाडलं असतं. रंगाचं वय त्याने बरोबर वजा केलं होतं, स्वतःच्या डोळ्याचं करायचं राहून गेलं होतं. पिवळ्या पडलेल्या डोळ्याला रंग पटेपर्यंत तो निळा ओतत राहिला होता.

आणि साक्षीदार? पेंटर तिथेच जमिनीवर बसला आणि त्याला तो म्हातारा आठवला. जाड भिंगं, मागे दुधाळ बुबुळं. मायेने हात फिरवतोय असं ह्याला वाटलं होतं. तो बिचारा चाचपडत होता. एका आंधळ्याने रंगवलं आणि दुसऱ्या आंधळ्याने पास केलं. मग दोघं गळ्यात पडून रडले.

तो तसाच मॅडमच्या खोलीत गेला. आता बोलणी बसतील, नोकरी जाईल, असं धरूनच गेला होता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. स्वभावाने चांगल्या होत्या.

"काका, चूक झाली तर झाली. पुन्हा रंगवू या. हवा तेवढा वेळ घ्या."

"खरंच?"

"खरंच. फक्त कुठला रंग लावायचा तेवढं सांगा."

हा चुकीचा आहे, एवढंच त्याला दिसत होतं. बरोबर कुठला, ते त्याने फक्त त्या गढूळ डोळ्यांनी पाहिलं होतं आणि डोक्यात राहिलेली आठवणही तसलीच गढूळ होती. जुना तुकडा असता तर आज चांगल्या डोळ्याने बघता आला असता. तो त्याने स्वतःच्या हाताने घासून टाकला होता. मॅडमनी कामापूर्वीचे रंगीत फोटो कपाटातून बाहेर काढले. एकात तो तुकडा हिरवट होता, एकात राखाडी, तिसऱ्यात दिव्याच्या उजेडाने नारिंगी.

"कुठूनतरी अंदाज...?" मॅडम म्हणाल्या.

"अंदाजानेच केलं होतं, मॅडम," तो म्हणाला आणि उठला.

निघताना तो पुन्हा विमानाखाली गेला. उजव्या डोळ्यावर पंजा ठेवला आणि डाव्या, अजून न केलेल्या डोळ्याने वर पाहिलं. पोट आभाळात विरघळून गेलं. जसं हवं तसं, जसं त्याने आणि म्हाताऱ्याने पाहिलं होतं तसं. बराच वेळ तो पंजा धरून तसाच राहिला, शेवटी हात दुखायला लागला.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. 'मी म्हणत नव्हते का?' असं बोलायचा तिला पुरेपूर हक्क होता, पण ती बोलली नाही. ताट वाढलं, समोर बसली.

"डाव्या डोळ्याची तारीख घ्यायची ना?"

"राहू दे तो."

"असं काय करता? उशीर झाला तर कायमचा जाईल म्हणालेत डॉक्टर."

"जाईल तोवर त्याला तरी ते विमान बरोबर दिसतंय ना."

ह्या माणसाचे नखरे तिने पाहिले होते, अबोले पाहिले होते, असा खचलेला कधी पाहिला नव्हता. हाताला काम मिळालं तर बरं वाटेल, असं तिच्या मनात आलं.

"मग निदान ही भिंत तरी रंगवा पुन्हा. पांढरी करा."

तो उठून भिंतीपाशी गेला.

"कुठला पांढरा?" त्याने विचारलं. थट्टा नव्हती, त्याला खरंच माहीत नव्हतं.