अक्काच्या पाठीला लावलेला पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. अशा माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, अशी आमच्या राहुरीकडे समजूत आहे. आयुष्यभर मी कॉलेजात विज्ञान शिकवलं आणि रविवारी सकाळी अंगणात लोकांच्या पाठींना डावा पाय लावला. विश्वास नव्हता, पण नाही म्हणायचं धैर्यही नव्हतं.

गेल्या दिवाळीनंतर थोरली बहीण श्रीगोंद्याहून आली. सहा वर्षांपूर्वी तिच्या स्तनातली गाठ काढली होती. पाच वर्षं गोळ्या झाल्या, तेव्हा तिथल्या एका मंडळाने ‘कर्करोगविजेती’ म्हणून तिचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि तिच्यापेक्षा पाहुण्यांचा फोटो मोठा असलेला फ्लेक्स. रोग मुळासकट गेला, असं पाहुण्यांनी माईकवरून जाहीर केलं. त्यानंतर अक्का तपासणीला गेलीच नाही. पास झालेल्याने परत परीक्षा कशाला द्यायची, हे तिचं म्हणणं.

“धार काढताना उसण भरली, महिना झाला,” ती म्हणाली. “लाव पाय.”

“आधी डॉक्टरला दाखवू.”

“जगाच्या पाठीला लावतो, न् बहिनीलाच न्हाई व्हय रं, मास्तर?”

मी तीनदा पाय लावला. तिसऱ्यांदा ती ओरडली. मग म्हणाली, “बरं वाटतंय.” मला खूश करायला म्हणाली, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आठवड्याने तिचा फोन आला. पडून राहिलं तरी ठणका थांबत नव्हता. उसण पडून राहिल्यावर शमते, एवढं तरी मला माहीत होतं. मी तिला नगरला नेलं. हाडांच्या स्कॅनसाठी आधी इंजेक्शन देतात, मग तीन तास पाणी पीत बसवतात. ती बसली. मी जिन्यावरून वरखाली करत राहिलो.

पडद्यावर तिच्या बरगड्यांत दोन आणि कमरेच्या मणक्यात एक काळा डाग दिसला. डॉक्टर तरुण होत्या, घाई न करता बोलत होत्या. मूळ गाठीतल्या काही पेशी ती काढण्याआधीच रक्तात सुटतात, हाडाच्या मगजात जाऊन बसतात आणि कित्येक वर्षं गप्प राहतात. जाग्या झाल्या की त्या स्वतः हाड फारसं पोखरत नाहीत. जुनं हाड विरघळवणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतातच; त्यांना या जास्त कामाला लावतात. हाड विरघळताना वाढीची द्रव्यं सुटतात, त्यांवर या पोसल्या जातात. म्हणजे आतल्याच माणसांकडून पाडायचं आणि पडझडीवर आपण वाढायचं. आमच्याकडच्या साखर कारखान्यांच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हे पटकन समजतं.

“म्हणजे आता हाडाचा कॅन्सर?” अक्काने विचारलं.

“नाही मावशी, स्तनाचाच. फक्त हाडात गेलाय.”

“जानार का?”

“पूर्ण जाणार नाही. पण बराच काळ आवरून धरता येतो.”

अक्का बाहेर गेल्यावर मी पायाचं सांगितलं. डॉक्टर हसल्या नाहीत. “पाय लावल्याने कॅन्सर पसरत नाही,” त्या म्हणाल्या. “पण तो मणका आतून पोकळ झालाय. जोर बसून तो खचला आणि मज्जारज्जू दाबला गेला, तर पाय जातात. एमआरआय करू.”

तो चार दिवसांनी होता, तोवर अक्का माझ्याकडेच राहिली. ते चार दिवस मी तिच्या प्रत्येक पावलाकडे पाहत होतो. “पायाला मुंग्या येतात का?” दर तासाला विचारायचो.

“मुंग्या तुझ्याच अंगाला आल्यात,” ती म्हणाली. “बस की एका जागी.”

मज्जारज्जू मोकळा निघाला. मणक्याला मात्र एक बारीक तडा होता. रेडिएशन ठरलं, हाडं मजबूत करायची इंजेक्शनं ठरली, वाकायचं नाही असं बजावलं गेलं. तडा कधीचा, हे मी विचारलं. सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाल्या. धार काढतानाही पडला असेल.

आता दर महिन्याला आम्ही इंजेक्शनला जातो. अक्का चालते, स्वतःच्या पायांनी, माझ्यापेक्षा भरभर. मी प्रत्येक खेपेला तड्याचा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो. डॉक्टर तेच उत्तर देतात. अक्का दारातून ओरडते, “चल रं, एसटी जाईल.”