चाकांवरच्या घरातले भावजी

जुलैचा पहिला शनिवार, नॉर्थ कॅरोलायनातल्या डोंगरातलं कॅम्पग्राउंड. हजर: मी, नवरा, आमची सई, नवऱ्याचे टेक्सासमधल्या प्लेनोचे मावसभाऊ म्हणजे माझे भावजी, त्यांची बायको, आणि भावजींची जुनी आरव्ही, जिला ते माणसांतच मोजतात.

भावजींइतका बेशिस्त आणि तरीही सगळ्यांचा लाडका माणूस मी अमेरिकेत दुसरा पाहिलेला नाही. मी आमची केबिन जानेवारीत बुक केली होती. भावजी काहीही बुक न करता टेक्सासहून दोन दिवस गाडी हाकत आले आणि गेटवरच्या बाईंशी बोलत उभे राहिले. तेवढ्यात कुणीतरी आपलं बुकिंग कॅन्सल केलं. त्यांना नदीकाठची जागा मिळाली. आमच्या केबिनसमोर कचऱ्याचे डबे होते.

आरव्ही म्हणजे आत शेगडी, संडास आणि झोपायची सोय असलेलं चाकांवरचं घर, आणि भावजी ते घरासारखंच वागवतात. पायरीशी चपला काढायच्या. निघताना चाकापुढे नारळ फोडायचा. गाडी मागे घेताना कॅमेरा बघायचा नाही, घरच्या कुणीतरी मागे उभं राहून ओरडायचं. या वेळी ते काम सईकडे आलं. ही मुलगी कॅरी गावातल्या आमच्या घरी माझ्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. रविवारच्या मराठी शाळेत मी तिला वर्षानुवर्षं नेलं, आणलं, खाऊचे डबे भरले. आणि इथे ती दोन्ही हात हलवत अख्ख्या कॅम्पग्राउंडला ऐकू जाईल अशी ओरडत होती, "येऊ दे काका, येऊ दे, जरा डावीकडे, बास बास!" नवरा कौतुकाने व्हिडिओ काढत होता. मी उशा मोजत होते. त्यातली एक कमी भरली, कारण सई आपली उशी घेऊन आरव्हीत राहायला गेली होती.

दुपारी मात्र मला थोडा दिलासा मिळाला. एसी चालू, मायक्रोवेव्ह चालू, आणि त्यातच भावजींनी पुण्याहून आणलेला मिक्सर जाडजूड ट्रान्सफॉर्मरला जोडून चटणी वाटायला घेतली. एकदम सगळं बंद पडलं. एवढा भार त्या लाइनला झेपणार नाही हे मी सकाळीच सांगितलं होतं, आणि आता ते पुन्हा एकदा, शांतपणे, सांगितलं. भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणता ते नेहमीच खरं निघतं," आणि बाकाखालून लोखंडी खलबत्ता काढला. आत उकडत होतं म्हणून सगळे बाहेर झाडाखाली बसलो. मिरच्या-लसणाचा ठेचा कुटण्याचा आवाज ऐकून शेजारच्या तंबूतले दाढीवाले आजोबा आले, चाखून डोळे पुसत बसले आणि वाटी पुढे करून आणखी मागू लागले. सईने कुटण्यासाठी नंबर लावला. घरी ती मिक्सरचं भांडंसुद्धा विसळत नाही. हा माणूस चुकला तरी त्याची मैफल जमते. मी बरोबर असले की मला "आई, रिलॅक्स" ऐकावं लागतं.

रविवारी सकाळी निघण्यापूर्वी त्यांना सांडपाण्याची टाकी रिकामी करायची होती. भावजी नाकाला कपड्यांचा चिमटा लावून पाइप जोडत होते आणि सई हातमोजे घालून तो धरून उभी होती. मी चहाचे कप घेऊन आरव्हीच्या पलीकडच्या बाजूने येत होते, म्हणून त्यांना दिसले नाही. सई अडखळत मराठीत बोलत होती. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाणार आहे, विमानाने पाच तासांच्या अंतरावर.

"मला तिकडे जायची भीती वाटते, काका. आईला सांगू नको. ती लगेच लिस्ट करेल."

भावजी चिमट्यामुळे नाकातून बोलले, "करू दे की. लिस्ट केली की तिला झोप लागते. तिला काय कमी भीती वाटते?"

 मी कप धरून तिथेच थांबले. चहा निवल्यावर मी आवाज करत पुढे गेले. भावजींनी कप घेतला, एका घोटात संपवला आणि चहा फक्कड झालाय म्हणाले. त्या माणसाचा मला इतका राग कधीच आला नव्हता, आणि जाताना मी त्यांना दुप्पट लाडू बांधून दिले.

आता ऑगस्ट उजाडलाय. सईच्या चादरी, टेबलावरचा दिवा, औषधं, छोटा कुकर, सगळं खोक्यांत भरून, वर चिठ्ठ्या लावून तयार आहे. भावजींचा दर रविवारी तिला फोन येतो आणि ती दार लावून घेऊन हसते. मी बाहेर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत असते. एखाद्या संध्याकाळी त्या घड्या तिथेच सोडून, रिकाम्या हातांनी, तिच्या खोलीत जाऊन नुसतं बसायचं आहे. तेवढं राहिलंय.