लाईट गेल्याचा आवाज

बँकेत कुठल्याशा टेबलाखालून यूपीएसचा बीप ऐकू आला, की मला ती संध्याकाळ आठवते. भाऊ तेव्हा बोटीवर नोकरीला होता. आठवड्यातून एकदा त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि नेमकी तेव्हाच लाईट जायची. यूपीएसची बॅटरी मेलेली, त्यामुळे कॉम्प्युटर बंद पडायचा आणि भाऊ गायब व्हायचा. शेवटी मी नवी बॅटरी आणली. जुनी फुगून अडकली होती, ती यूपीएस उलटा धरून, हलवून हलवून काढली आणि लाल-काळ्या वायरी नवीला जोडल्या. त्या आठवड्यातही लाईट गेलीच. खिडकीतले माड काळोखात विरघळले, रातकिडे मोठ्याने ओरडू लागले, आणि घरात फक्त भावाचा निळसर चेहरा तरंगत राहिला. खाली यूपीएस बीप करत होता. “तो आवाज बंद कर गो, त्याचं बोलणं कळत नाय,” आई म्हणाली. मी हात पुढे केला, तर भाऊ म्हणाला, “असूदे गो. इथे लाईट जातच नाय.” मग तो डोळे मिटून तो बीप आणि रातकिडे ऐकत बसला. मी हात मागे घेतला आणि बॅटरी संपेपर्यंत बीप तसाच चालू दिला. आता भाऊ कायमचा घरी आलाय आणि घरात आवाज न करणारा इन्व्हर्टर आहे. तरी संध्याकाळी लाईट गेली, की तो हळूच उठतो आणि इन्व्हर्टर बंद करतो.