सुईमावशी

डब्यांच्या कारखान्यामागच्या गल्लीत कुणाला ताप आला तर तो इस्पितळात जात नसे, सुईमावशीकडे जात असे. इस्पितळात आधी या खिडकीवर, मग त्या खिडकीवर. खोलीचा आकडा वाचता येत नाही म्हणून विचारावं, तर कारकून खेकसणार, "भिंतीवर एवढं मोठं लिहिलंय, डोळे फुटलेत का?" त्यातच दिवस जायचा आणि कामावर खाडा पडायचा. मावशीकडे तसलं काही नव्हतं. तिच्या पायरीवर बसायचं, बाही वर करायची, 'आई गं' म्हणायचं आणि भोंगा व्हायच्या आत फाटकावर हजर.

मावशीचा हात हलका. रडव्या पोराला "तो बघ, तो बघ कावळा" म्हणेपर्यंत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची. पोर कावळा शोधत राही.

हा हात तिने बाजारातल्या एका डॉक्टरकडे कमावला होता. शाळेत ती हुशार होती, पण सहावीत असताना आई गेली आणि बापाने एका दुपारी विषय मिटवून टाकला. "वाचता येतं ना पोरीला? बास झालं." धाकटा भाऊ शाळेत राहिला, ती डॉक्टरकडे झाडलोटीला लागली. धाकट्याची पुस्तकं, पुढे त्याचं वसतिगृह, सगळं तिच्या झाडूतून निघालं. झाडता झाडता ती बघायची. कुठल्या दुखण्याला कुठली बाटली, दंडावर नेमकं कुठे टोचायचं, सगळं तिने डोळ्यांनी उचललं. एकच गोष्ट कळेना. टोचून झालं की डॉक्टर सुई मोडून टाकून द्यायचे. एकदा धीर करून तिने विचारलं, "एवढी चांगली सुई का मोडता, डॉक्टर?"

"तुला सांगून काय कळणार आहे? टेबलाखाली पूस आधी."

तिने टेबलाखाली पुसलं. श्रीमंतांना उधळपट्टीची हौसच असते, असं मनाशी ठरवून टाकलं.

डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला. उरलेल्या बाटल्या आणि सुया पिशवीत भरून मावशी घरी आली. तिने मात्र उधळपट्टी केली नाही. एक सुई बोथट होईपर्यंत चालवायची. दर माणसामागे कोमट पाण्यात खळबळून काढायची, स्वच्छ फडक्याने पुसायची. फडकं रोज धुऊन उन्हात टाकायची. तिच्याइतकं टापटिपीचं घर अख्ख्या गल्लीत नव्हतं.

नवरा लवकर गेला होता. एकुलती एक लेक, ती जन्मापासून काटकुळी. मावशी तिला दर आठवड्याला ताकदीची सुई द्यायची. पायरीवरची गर्दी हटली की सगळ्यांत शेवटी, घाई न करता, सगळ्यांत महागड्या बाटलीतलं औषध.

पहिल्यांदा रंगखात्यातला रंगारी पिवळा पडला. डोळे, नखं, सगळं पिवळं. लोक म्हणाले, रंगाच्या वाफा बाधल्या. मग त्याच्या शेजारचा पडला, मग समोरच्या घरातली सून. तेव्हा पाण्याच्या टाकीवर संशय गेला. चार पोरं टाकीत उतरून तळ खरवडून आली. मावशी बिचारी उसंत न घेता राबत होती. अशक्तपणा आला म्हणून एकाला, तोंडाला चव नाही म्हणून दुसऱ्याला. जो येईल त्याला टोचत होती. रंगारी मेला तेव्हा त्याची बायको तिच्याच गळ्यात पडून रडली. "तू होतीस म्हणून एवढे दिवस तरी निघाले गं."

पुढे लेकीचं पोट फुगायला लागलं. लग्न न झालेली पोरगी, गल्लीला तेवढं पुरे होतं. नळावर बायका विचारायच्या, "काय गं मावशी, जावई कधी दाखवतेस?" लेकीने नळावर जाणं सोडलं. मग पाय सुजले, डोळे पिवळे झाले, आणि गल्लीची जीभ गप्प झाली.

मावशीने तिला मोठ्या शहरात नेलं. तिथल्या इस्पितळात धाकटा बडा डॉक्टर होता. बरीच वर्षं त्याची भेट नव्हती. कामात असतो, असं ती सगळ्यांना सांगायची. लेकीला खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी धाकटा फेरीवर आला, मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका. मावशी धडपडत उभी राहिली. त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि नजर लेकीच्या पोटावर नेली.

"इंजेक्शनं कोण द्यायचं हिला?"

"मीच की रे. दर आठवड्याला. कधी चुकवलं नाही."

"सुई?"

"धुऊन घ्यायची. अगदी स्वच्छ."

तो घोळक्याकडे वळला आणि त्यांच्या त्या शिकलेल्या भाषेत बोलू लागला. लहानपणी अडखळत बोलणारा धाकटा आता घडाघडा बोलत होता. मध्येच त्याने तिच्याकडे बोट केलं. मावशीला वाटलं, सांगतोय, ही माझी ताई, हिनेच मला शिकवलं. तिचा ऊर भरून आला. केस सारखे करून तिने एकेकाला हात जोडायला सुरुवात केली. दोघंतिघं हसले. एका मुलीने मान फिरवली.

"आई," लेक खाटेवरून हळूच म्हणाली, "हात खाली घे."

नंतर तो व्हरांड्यात एकटा भेटला. "ताई, आपलं नातं इथे कुणाला सांगू नकोस. माझी नोकरी आहे. आणि तुझ्यावर केस होईल ती वेगळीच."

"बरं," ती म्हणाली. "पोरगी बरी होईल ना रे?"

त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

संध्याकाळी सलाइन लावायला एक तरुण नर्स आली. तिने वापरलेली सुई लाल डब्यात टाकली. मावशीने विचारलं, का टाकली? नर्स दमलेली होती, तरी हात धुता धुता तिने सांगितलं. एकाच्या रक्तातला आजार डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबातून सुईला चिकटतो. कोमट पाण्याने जात नाही. तीच सुई दुसऱ्याला टोचली की आजार त्याच्या रक्तात. हिची कावीळ त्यातलीच. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"एवढंच?" मावशीने विचारलं.

"एवढंच," नर्स म्हणाली.

मावशी लेकीच्या दंडाकडे बघत बसली. लेक आठवडाभराने गेली.

गल्लीत परतल्यावर मावशी गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ती दारोदार फिरली. जे नर्सने सांगितलं ते जसंच्या तसं सांगत सुटली. "माझ्या सुईने झालंय. इस्पितळात जाऊन रक्त तपासून घ्या." आधी लोकांना वाटलं, लेकीच्या दुःखाने डोकं फिरलं. सगळ्यांत आधी रंगाऱ्याच्या बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने मावशीचे केस धरले. मग सगळेच धावले. घरातल्या बाटल्या फुटल्या, भांडी फुटली. कुणीतरी मावशीचा उजवा हात उंबऱ्यावर धरला, कुणीतरी वर पाटा घातला. तीन बोटं कायमची वाकडी झाली.

रक्त तपासायला चौघं गेले. खिडकीवर कारकुनाने सांगितलं, आज मशीन बंद आहे, पुढच्या सोमवारी या. ते परत गेले नाहीत. बाकीचे गेलेच नाहीत.

महिना गेला नाही तोच स्कूटरवरून एक माणूस गल्लीत येऊ लागला. गळ्यात दवाखान्याची नळी, हातात चामडी बॅग. भोंग्याच्या आधी टपरीशी उभा राहून तो भराभर टोचायचा, फडक्याने सुई पुसायचा, पुढच्याला बोलवायचा. मावशी तिथे जाऊन उभी राहायची. "नवी सुई मागा. पाकीट डोळ्यांसमोर फोडायला लावा." लोक मान वळवायचे. तो माणूस हसून म्हणायचा, "आजी, बाजूला व्हा, लोकांना कामाला जायचंय."

एका सकाळी रंगाऱ्याची बायको आपल्या लहान मुलीला घेऊन रांगेत आली. मुलगी तापाने फणफणलेली. मावशी आडवी आली. "हिला नको गं. पाया पडते."

"माझा नवरा खाल्लास," ती म्हणाली, "आता तू मला शिकवणार?"

मावशीने वाकड्या बोटांनी सुईवर झडप घातली. सुई हाती लागली नाही. त्या माणसाने खांद्याने ढकललं तशी ती गटाराच्या काठावर आपटली. उठायला हात टेकला, पण त्या हाताने भार पेलेना. रंगाऱ्याच्या बायकोने मुलीची बाही वर केली, आणि रांग एका पावलाने पुढे सरकली.