न झालेला आवाज

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आमच्या घराण्यातला सगळ्यात मोठा गप्पिष्ट आज एक गोष्ट खरी सांगणार आहे. हसा. तुम्ही हसावं म्हणूनच मी ती इतकी वर्षं अर्धीच सांगत आलो — पुरी कुणालाच नाही.

नलू माझी आतेबहीण. तिचे वडील अमृतसरला नोकरीला. तिथल्या बाजारात तिच्या डोळ्यांदेखत बॉम्ब फुटला, आणि आत्यानं सोळा वर्षांच्या नलूला आमच्याकडे, वर्धेजवळच्या अल्लीपूरला पाठवलं. दाराकडे पाठ करून ती जेवायची नाही. एस.टी.त बाकाखाली वाकून पाहिल्याशिवाय बसायची नाही. मी अठराचा, नकलाकार — तिची नक्कल तर माझी हुकमी! घर हसायचं. तीही हसायची. मग थांबू कशाला?

आमच्याकडे रानडुकरं पळवायला शेतात कार्बाइडचा डबा उडवतात. तोफच! नलू आहे तोवर डब्याला हात लावायचा नाही, अशी आबाजींची — आजोबांची — ताकीद होती. आणि मी भरदुपारी, तिच्या पाठीमागे, तो उडवला. नलू माझ्या पाच वर्षांच्या बहिणीवर पालथी पडली, तिला अंगाखाली झाकून. मी पोट धरून हसलो. लग्नाकार्यात मी इथवरच रंगवतो.

पुढचं हे. नलू धावत घरी गेली. बहिणीला घेऊन मी मागून पोचलो. आबाजींनी मला विचारलं, "काऊन रे, डबा उडवला का तुनं?"

मार चुकवायचा होता — दुसरं काय? धाकट्या बहिणीनं तोंड उघडू नये म्हणून तिच्यावर डोळे वटारले आणि म्हणालो, "कोनता डबा, आबाजी? आवाजच नाई झाला. नलूले भास होऊन राह्यले."

नलूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आणि तिनं माझंच खरं मानलं! का भांडली नाही ती? अजून चिडतो मी — पण कुणावर?

वर्धेच्या डॉक्टरांनी भासावर गोळ्या दिल्या. रोज सकाळी ती गिळायची, मी समोर चहा प्यायचो. एवढा बडबड्या मी — आणि एक वाक्य निघालं नाही.

चार वर्षांनी सेलूला माझं लग्न लागलं. शेवटचं मंगलाष्टक संपलं आणि मांडवाबाहेर फटाक्यांची लड उडाली. माझ्यामागे उभ्या असलेल्या नलूनं माझा शेला गच्च धरला आणि साऱ्या वऱ्हाडादेखत ओरडून विचारलं, "दादा, आता आवाज झाला न? का मलेच आला?"