हवा पाहणारे गुरुजी

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे पाहतो. आमचे गुरुजी चपलेकडे पाहत, आणि तो गाडीवर आला असेल तर टायरकडे. नमस्कार-चमत्कार त्यानंतर. मुलीसाठी नागपूरचं स्थळ आलं तेव्हा पाहुणे आत चहा घेत होते आणि गुरुजी बाहेर मुलाचे बूट उलटे करून न्याहाळत होते. आत येऊन बायकोच्या कानात म्हणाले, "दोनी टाचा सारख्या झिजल्या हायेत. पोरगा सरळ चालते." लग्न झालं. जावई खरोखरच सरळ निघाला, त्यामुळे पुढे या सवयीबद्दल त्यांना बोलायची कोणाची छाती झाली नाही.

कामरगावच्या शाळेत ते आम्हाला गणित शिकवत. स्वतः शिकत असताना पोटासाठी अकोल्याला जुन्या टायरवर नवं रबर चढवणाऱ्या दुकानात त्यांनी काही वर्षं काढली होती, तो नाद वर्गातही आला. गुणोत्तर शिकवायचं तर फळ्यावर ट्रकची चाकं निघत. सदऱ्याच्या एका खिशात खडू, दुसऱ्यात हवा मोजायचा गेज. रिटायर झाल्यावरही दोन्ही खिसे भरलेलेच होते. खडू कुठून आणत, ते त्यांनाच ठाऊक.

हवा पाहायची ती सकाळी, ऊन चढायच्या आत, गाडी जागची हललेली नसताना, हा त्यांचा नियम. "ऊन लागलेला टायर खरं बोलत नाई," असं ते म्हणत. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी डांबर चपलेला चिकटतं. त्यामुळे टायर फुटू नये म्हणून हवा कमीच ठेवावी, असा सगळ्या गावाचा समज. गुरुजी स्टँडवर जाऊन जीपवाल्यांशी भांडत. "अरे बाप्पा, हवा कमी असली का टायर लोळते, लोळला का तापते, तापला का फुटते. तुमी फुटू नये म्हून फोडून राह्यले." जीपवाले हसत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्याने त्यांच्याच ओट्यापुढे जीप आणून उभी करत.

मी मात्र त्यांचा पालथ्या घड्यासारखा विद्यार्थी. पुण्यातली नोकरी सोडून वाशीमला कामाला लागलो, तेव्हा सोबत एक जुनी, दोन सीटची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार घेऊन आलो. घरची भाजीपाल्याची बागायत. आईच्या लेखी गाडी म्हणजे जिच्या मागे टमाट्याची कॅरेट बसतात ती. तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"यात ठेवाचं काय?"

"काहीच नाही."

"मंग घेतली कायले?"

उत्तर होतं, पण आईला देण्यासारखं नव्हतं. मला वळणं आवडतात. गाडी रस्ता धरून वळते तेव्हा मला शाळा सुटल्यासारखं वाटतं. पकड आणखी वाढावी म्हणून मी मूळचे टायर काढले आणि चांगले ऐसपैस रुंद बसवले. पोरं थांबून बघायची, मीही आरशात बघायचो. मग मे महिन्यातल्या एका दुपारी, गुरुजींचा विद्यार्थी असूनही, गावासारखीच टायरमधली हवा सोडली. दुसऱ्या दिवशी शेलूबाजारच्या अलीकडे एका साध्या वळणावर बारीक गिट्टी पसरली होती. मी स्टिअरिंग फिरवलं, पण गाडी वळलीच नाही, सरळ एका रिकाम्या वावरात गेली. मला खरचटलंसुद्धा नाही. बातमी मात्र माझ्याआधी घरी पोचली.

 तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "गुरुजी ठेव म्हनतीन तं ठेव. नाई म्हनले तं उद्या दारात गाडी दिसली नाई पाह्यजे."  ही गाडी मी शाळेपासून मनात बाळगली होती, आणि आता तिचा निकाल गुरुजींच्या हाती होता.

गुरुजी सकाळी सहाला हजर. गेज लावला.

"चोवीस. दारावर कंपनीनं किती लिवले?"

"तीस."

"लेका, नववीत तुले मी किती मार्क देल्ले होते?"

"पंच्याऐंशी."

"जास्त देल्ले." मग रुंद टायरवर बोट ठेवून म्हणाले, "हलक्या मानसाले दोन नंबर मोठा जोडा घातला तं तो पळनार हाय का? तुह्या गाडीले तेवढं वजनच नाई. गिट्टीवर तरंगून राह्यली ते. जुने टायर आन."

जुने टायर चढले. शाळेच्या मैदानावर गुरुजींनी चुन्याच्या फक्कीने मोठा आठचा आकडा आखला आणि टायरच्या काठावर खडूच्या रेघा ओढल्या. मी आकड्यावरून फिरायचं, थांबायचं, त्यांनी वाकून बघायचं. काठावर एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. खडू तिथपर्यंत पुसला तर हवा बरोबर, त्याखाली पुसला तर कमी, वरच राहिला तर जास्त. मग पुढच्या चाकांत दोन पौंड हवा वाढव, मागच्या चाकांतली एक पौंड काढ, असा खेळ चाले. ऊन चढलं की ते गेज खिशात टाकून घरी जात. असं तीन सकाळी चाललं. गाडीपेक्षा जास्त दुरुस्ती माझीच झाली. "ब्रेक वळनाच्या आधी. वळनात ब्रेक मारला तं सारं वजन पुढं येते अन् मागचे टायर बिचारे वाऱ्यावर."

चौथ्या सकाळी त्यांनी आईलाच बोलावलं. "वहिनी, बसा. पोटातलं पानी हाललं तं गाडी विकू."

आई पदर घट्ट धरून बसली.  पहिल्या फेरीला तिने डोळे मिटले, दुसऱ्या फेरीला उघडले. गाडी फक्कीच्या रेघेला धरून फिरत होती, आणि मला तोंडावरचं हसू आवरत नव्हतं. आई उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "टमाट्याच्या गाडीपेक्षा बरी हाय."

गुरुजी मला म्हणाले, "ठेव." शाबासकी वगैरे नाही. ती त्यांनी नववीतही दिली नव्हती.

पुढे त्यांची नजर मंदावली आणि मुलीने त्यांना नागपूरला नेलं. या हिवाळ्यात एका सकाळी तिचा फोन आला, गुरुजी गेले. दुपारी अंत्यविधी होता. बसने पोचणं शक्य नव्हतं. मी आईला म्हणालो, जीप बघतो. मागे वळतो तर आई माझ्या गाडीत बसलेली.

कारंजा मागे पडलं. माझे डोळे सारखे भरून येत होते, समोरचं धूसर दिसे, म्हणून मी प्रत्येक वळणात मध्येच ब्रेक मारत, रांगत चाललो होतो. आईने तीन-चार वळणं पाहून घेतली.

"बाजूले घे. डोये पूस," ती म्हणाली. मी गाडी थांबवून डोळे पुसले.

"आता गुरुजीनं शिकवलं तशी चालव. भेत भेत गेलो तं त्याइले पाहाले नाई भेटनार आपल्याले."