डिकीतला टॉवेल

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यात आधी हसणारा माणूस मी. आजही भुतं मानत नाही... पण हे लिहिताना हसू येत नाही.

मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. गेल्या उन्हाळ्यात आईजवळ बसलं की लघवीसारखा वास यायला लागला. ती दिवसभर अंग खाजवायची. अर्धी भाकरी तशीच ठेवून म्हणायची, "लोखंडावानी लागतंय रं." मी ठरवूनच टाकलं — म्हातारीला कपडे खराब झालेलं कळत नाही. बायकोसमोर ओरडलोसुद्धा, "मोरीपर्यंत जायला काय होतं तुला?" त्या दिवसापासून आई दिवसातून दोनदा लुगडं धुवायला लागली. वास काही जाईना.

मग मी जे केलं, ते लिहायचीही लाज वाटते. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, डाग पडून बाजूला काढलेला एक टॉवेल घेतला आणि ओळखू यावा म्हणून त्याचा कोपरा कात्रीने कापला. आईचा टॉवेल वेगळा — चुकून आमच्या कुणाच्या तोंडाला लागायला नको! आसपास कुणी नव्हतं. टॉवेल गाडीच्या डिकीत टाकला. बायकोलाही बोललो नव्हतो.

संध्याकाळी घरी आलो, तर आई भिंतीकडे तोंड करून बोलत होती. माझ्या वडिलांशी! त्यांना जाऊन सहा वर्षं झालीत.

"अवं, त्याला काय बोलू नगा. टावेलाचा कोपरा कापलाय त्यानं, माझा कळावा म्हणून. लेकरंबाळं हायती की घरात."

मी जागच्या जागी उभा. डिकीची चावी माझ्या खिशात होती...

तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या काम करत नाहीत, लघवीवाटे जायची घाण रक्तात साठलीय. खाज त्यानेच, तोंडाची चव त्यानेच, भासही त्यानेच.

"आणि वास?"

"तो त्यांच्या श्वासाचा."

मला मान वर करवेना. बिचारी लुगडं धूत राहिली होती.

डायलिसिस सुरू झालं. हळूहळू वास गेला, भास थांबले. त्या संध्याकाळचं तिला काहीच आठवत नाही. टॉवेलचं तिला कसं कळलं, हे डॉक्टरांना दोनदा विचारणार होतो... पण मग तो का कापला, तेही सांगावं लागलं असतं. म्हणून उत्तर अजून नाही.

तो टॉवेल आता मीच वापरतो. परवा दोरीवरचे कपडे काढताना आईने विचारलं, "ह्याचा कोपरा कुणी कापला रं?"

"मशिनीत गेला," मी म्हणालो.

"व्हय?" म्हणाली, आणि घडी घालून माझ्या हातात दिला.